पदार्थाचे अवस्थांतर व सुप्त उष्णता



घन, द्रव आणि वायू या पदार्थाच्या तीन अवस्था होत, हे वाक्य प्राथमिक शाळेतील मुले तोंडपाठ म्हणून दाखवितात. बर्फ, पाणी आणि वाफ ही उदाहरणेही त्यांना येतात. परंतु बर्फाचे पाणी होत असताना नेमके काय घडते, असे विचारताच वर्ग स्तब्ध होतो. नावे पाठ झाली. अवस्थांतर मात्र समजले नाही, असाच याचा अर्थ होय.

उष्णता दिली की पदार्थ अधिकाधिक तापतच जातो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे, हे ग्लासगो येथील अध्यापक जोसेफ ब्लॅक यांनी १७६१ च्या सुमारास एका साध्या प्रयोगाने दाखविले. सारख्या दोन काचपात्रांपैकी एकात गोठण्याच्या बेतात असलेले पाणी व दुसऱ्यात तितकाच बर्फ घेऊन त्यांनी ती एका मोठ्या खोलीत ठेवली. पाणी ३३ अंश फॅरनहाइटवरून ४० अंशांवर येण्यास अर्धा तास लागला. बर्फ वितळून त्याचे ४० अंशांचे पाणी होण्यास मात्र साडेदहा तास लागले. खोलीची ऊब दोन्ही पात्रांना सारखीच मिळत होती. मग एवढ्या तासांची उष्णता गेली कोठे? तिचा बहुतेक भाग बर्फ वितळविण्यात खर्च झाला. उष्णतामापकावर तो दिसला नाही. या उष्णतेस सुप्त उष्णता म्हणतात.

१ ग्रॅम बर्फाचे ० अंश सेल्सियसवरच पाणी करण्यास सुमारे ८० कॅलरी लागतात. ते पाणी १०० अंशांपर्यंत तापविण्यास १०० कॅलरी पुरतात. परंतु त्याची वाफ करण्यास आणखी सुमारे ५४० कॅलरी द्याव्या लागतात. ही उष्णता कणांमधील परस्पर आकर्षणावर मात करण्यात खर्ची पडते, म्हणून तेवढा वेळ उष्णतामान स्थिर राहते.

या ज्ञानाचा व्यवहाराशी निकट संबंध आहे. उघड्या पातेल्यात उकळी फुटल्यावर जाळ वाढविल्याने भात लवकर शिजत नाही. पाणी तेवढे लवकर आटते आणि सरपण वाया जाते. वाफेने भाजणे उकळत्या पाण्याने भाजण्याहून अधिक घातक असते, कारण त्वचेवर वाफेचे पाणी होताना ती ५४० कॅलरींची सुप्त उष्णता तेथेच सोडते. शाळेच्या स्वयंपाकघरातील मदतनीस भगिनींनाही हे अवश्य सांगावे.

वर्गात हा पाठ प्रयोगानेच द्यावा. भांड्यात बर्फाचे तुकडे घेऊन शिक्षकांनी ते मंद आचेवर ढवळीत राहावे, प्रयोगशाळेतील उष्णतामापक त्यात धरावा आणि दर दोन मिनिटांनी आकडा फळ्यावर लिहावा. तापाचा उष्णतामापक यासाठी कदापि वापरू नये, तो फुटेल. विद्यार्थ्यांना शेगडीपासून दूर बसवावे. आकड्यांचा आलेख काढला असता बर्फ वितळताना एक व पाणी उकळताना दुसरी, अशा दोन सपाट रेषा मुलांना स्वतःच दिसतील.

येथे एका गोष्टीची दक्षता आवश्यक आहे. पाणी १०० अंशांवर उकळते, हे समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबापुरते खरे आहे. उंचीवर दाब कमी, म्हणून उत्कलनबिंदूही खाली येतो. पुण्यास तो सुमारे ९८ अंश, तर महाबळेश्वरी ९५ ते ९६ अंशांच्या दरम्यान असतो. अशा ठिकाणच्या एखाद्या विद्यार्थ्याने वहीत ९८ लिहिले आणि पुस्तकात १०० आहे म्हणून शिक्षकांनी ते खोडले, तर त्या मुलाने डोळ्यांनी पाहिलेले सत्य खोडले जाते. पुन्हा तो उष्णतामापकाकडे पाहणार नाही. पुस्तकातील आकडाच उतरवील. त्याऐवजी, “हा आकडा कमी का आला?” असे त्यालाच विचारावे. त्या प्रश्नातून हवेच्या दाबाचा पुढील पाठ आपोआप सुरू होईल.

विद्यार्थ्याने जे पाहिले तेच त्याच्या वहीत राहावे, एवढी काळजी प्रत्येक शाळेने घेतली, तर विज्ञानाच्या अध्यापनाचे निम्मे कार्य साधले असे समजावे.