दुय्यम विषय : मानववंशशास्त्र

महाविद्यालयांत नांव घालतांना विद्यार्थी मुख्य विषयाचा विचार चार वेळां करतो. दुय्यम विषय मात्र बहुधा वेळापत्रकांतल्या रिकाम्या तासावरून ठरतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें असा जोडविषय घेण्याची वाट रुंद केली आहे. त्या वाटेनें कोणी मानववंशशास्त्राकडे वळला, तर घरचे वडीलधारे विचारतातच, "याचा पुढें उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर नाशिक जिल्ह्यांतील दिंडोरी तालुक्यांत शोधतां येतें.

तालुक्याच्या सपाटीवर द्राक्षांचे मळे आहेत. पश्चिमेस, पेठ-सुरगाण्याच्या बाजूला, डोंगराळ नागलीचा मुलूख लागतो. कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल या जमाती तेथें पूर्वापार राहतात. छाटणीच्या व विरळणीच्या दिवसांत तिकडचीं कुटुंबें टोळ्या करून मळ्यांवर उतरतात. अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथें आला, तर मजुरीचा दर, कामाचे दिवस, घेतलेली उचल हें सारें टिपून घेईल, आणि तें आवश्यकच आहे. पण मार्गशीर्षांत, मळ्याला माणसांची निकड असतांना, एखादी टोळी गांवीं निघून गेली, तर त्याच्या वहींत 'गैरहजर' एवढाच शब्द उरेल. मालक म्हणेल, माणसें बेभरवशाचीं.

ज्यानें मानववंशशास्त्राचे चार धडे घेतले आहेत, तो आणखी विचारील. त्या महिन्यांत कोकणा व भिल्ल लोकांचा डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो. व्रत धरलेल्या पुरुषांना कडक नेम पाळावे लागतात. रात्रीं पावरीच्या सुरावर नाच होतो आणि शेवटीं डोंगरावर पूजेला जावें लागतें. हें व्रत साऱ्या गांवाचें असतें. मग टोळींत कोण कोणाचा मेहुणा, कोण कोणाचा भाचा, उचल कोणाच्या शब्दावर मिळाली, हेंही विचारणें ओघानेंच येतें; आणि अर्थशास्त्राचा हिशेब तेव्हां कोठें पुरा होतो.

आपल्याकडे या शास्त्राचा पाया घालणारीं माणसेंही दुसऱ्या विषयांतूनच आलीं. गोविंद सदाशिव घुर्ये मूळचे संस्कृतचे. केंब्रिजला रिव्हर्स यांच्या हाताखालीं शिकून १९२४ सालीं ते मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे प्रमुख झाले. त्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे यांचा फर्ग्युसनमधील विषय तत्त्वज्ञान. पुढें बर्लिनला त्यांच्याकडे मानवी कवट्या मोजण्याचें काम आलें. कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशीं संबंध आहे, असा त्यांचे गुरु ऑयगेन फिशर यांचा कयास होता. मापांत तो संबंध दिसेना. बाईंनीं तसें स्पष्ट लिहून दिलें. गुरूच्या मताविरुद्ध, परक्या देशांत, हें लहानसहान धैर्य नव्हे. १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत होत्या. भारतांतील नातेव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९५३ सालीं निघाला.

कवट्या मोजण्याचे ते दिवस गेले, तरी माणसाला नमुना समजण्याची खोड सहज जात नाहीं. म्हणून पाड्यावर जाणाऱ्यानें आधीं विचारून जावें, लावणी-कापणीच्या घाईंत कोणाला अडवूं नये, परवानगीवांचून छायाचित्र घेऊं नये. ओसरीवर बसल्यावर घरांतल्या आजी त्यालाच विचारतील: गांव कोणतें, कुळ कोणतें, लग्न झालें का, आणि हें सारें लिहून कोणाला देणार? या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर त्यानें घरूनच तयार करून न्यावें.