धुक्याआडच्या टायटनचं तापमान

टायटन हा शनीचा सर्वांत मोठा चंद्र. त्याच्याभोवती नारिंगी धुक्याचं इतकं दाट आवरण आहे, की साध्या दुर्बिणीला त्याची जमीन दिसतच नाही. मग ती किती थंड आहे, हे सव्वाशे कोटी किलोमीटरवरून कळावं कसं?

अवरक्त किरणांनी मोजून पाहिलं होतं. पण त्यातले बरेच किरण वरच्या हवेतून येतात, आणि ती हवा जमिनीपेक्षा उबदार. त्यामुळे १९७० च्या दशकात मतभेद होते. कुणी म्हणे, हवा विरळ आणि जमीन गोठलेली. कुणी म्हणे, नायट्रोजनची जाड दुलई आणि खाली चांगली ऊब.

हा वाद सोडवायला रेडिओ लहरी कामी आल्या. भट्टीत लोखंड तापलं की लाल दिसतं. टायटनसारखी थंडगार वस्तूही असाच प्रकाश सोडते, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही. त्यातला सेंटिमीटरभर लांबीच्या लहरींचा अंश धुक्यातून सरळ आरपार येतो, आणि त्याची तीव्रता तापमानाच्या प्रमाणात असते. तापमान दुप्पट, तर तीव्रता दुप्पट.

खरी पंचाईत शेजाऱ्याची होती. शनी आकाराने कितीतरी मोठा, त्यामुळे रेडिओ दुर्बिणीच्या एकट्या तबकडीत दोघांच्या लहरी एकमेकींत मिसळतात. अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या पठारावर रेडिओ दुर्बिणींची व्हेरी लार्ज अ‍ॅरे उभी राहत होती. आपल्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीसारखीच तिची रचना: इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर दूरदूर पसरलेल्या तबकड्या. त्या जोडून पाहिलं की टायटन शनीपासून वेगळा काढता येतो. जॅफी, कॉल्डवेल आणि ओवेन या शास्त्रज्ञांनी ते केलं आणि १९८० मध्ये आकडा दिला: ८७ केल्विन, ९ इकडे-तिकडे. म्हणजे उणे १८६ अंश सेल्सिअस. उबदार जमिनीची कल्पना तिथेच मागे पडली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्हॉयेजर-१ यान टायटनजवळून गेलं. त्याचं उत्तर आलं सुमारे ९४ केल्विन. २००५ साली तिथे उतरलेल्या ह्युजेन्स यानानेही जवळपास तेवढंच मोजलं. यान पोचण्याआधी, पृथ्वीवर बसून केलेली ही मोजणी मला फार मोलाची वाटते. रेडिओचा आकडा जरा कमी आला यातही नवल नाही. कुठलीही जमीन पूर्ण क्षमतेने लहरी सोडत नाही. जी कसर राहते, तेवढ्या प्रमाणात ती वरचं थंड आकाशच परावर्तित करते.

हे थोडे अंश किरकोळ नाहीत. मिथेन उणे १८२ अंशांना गोठतो. उणे १८६ला त्याचा बर्फ, तर उणे १७९ला तो वाहता. २००६ साली कॅसिनी यानाच्या रडारला उत्तर ध्रुवाजवळ द्रवरूप मिथेनची सरोवरं सापडली, तीही धुक्याआरपार, रेडिओ लहरींनीच.