सर, पाणी जास्त चढलं!

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आज मी तुम्हांला माझी एक चूक सांगणार आहे. शिक्षकाने आपली चूक चारचौघांत सांगावी अशी आपल्याकडे पद्धत नाही. पण ही चूक सांगितल्याशिवाय विज्ञान कसं शिकवावं, या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही.

१९९१ सालची गोष्ट. तालुक्याच्या गावी मी सातवीला विज्ञान शिकवत होतो. हवेचा धडा होता. त्यातला एक प्रयोग तुमच्यापैकी अनेकांनी केला असेल, निदान पाठ तरी केला असेल. ताटलीत पाणी घ्यायचं, मधोमध पेटती मेणबत्ती उभी करायची आणि तिच्यावर काचेचा पेला पालथा घालायचा. थोड्या वेळाने मेणबत्ती विझते, पेल्यात पाणी चढतं. निष्कर्ष असा की, ज्योतीने ऑक्सिजन संपवला, त्याची जागा पाण्याने घेतली. पाणी एक पंचमांश चढलं, म्हणून हवेत ऑक्सिजन एक पंचमांश.

हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून देत असे. सुबक आकृतीही काढत असे. प्रयोग मात्र करत नसे. साहित्याचं कपाट कुलपात, आणि पेला फुटला तर भरून कोणी द्यायचा?

सहामाहीला तोच प्रश्न आला. एका मुलीने उत्तरात लिहिलं होतं, 'मी घरी करून पाहिलं. एक मेणबत्ती लावली तेव्हा पाणी थोडं चढलं. तीन लावल्या तेव्हा पुष्कळ चढलं. पेला तोच होता.' मी लाल शाईने फुली मारली आणि शून्य दिलं.

पेपर वाटल्यावर ती उभी राहिली. म्हणाली, "सर, पाणी खरंच जास्त चढलं! पेल्यात हवा तर तेवढीच होती ना? मग ऑक्सिजन जास्त कुठून आला?" मुलं हसली. मी म्हणालो, "पुस्तकात आहे तेच लिहायचं. मार्क त्यालाच मिळतात." ती खाली बसली. त्यानंतर वर्षभर तिने एकही प्रश्न विचारला नाही. वार्षिक परीक्षेत माझं उत्तर तिने शब्दन् शब्द उतरवलं. तिला पूर्ण गुण देताना मला समाधान वाटलं होतं!

पुढे काही वर्षांनी एका प्रशिक्षण शिबिराला गेलो. तिथे आमच्यापुढे ताटल्या, पेले आणि मेणबत्त्या ठेवल्या. सूचना एकच होती : ठाऊक असलेलं लिहू नका, दिसेल ते लिहा. आम्ही एक मेणबत्ती लावली, मग दोन, मग तीन. मेणबत्त्या वाढल्या तसं पाणी जास्त चढलं. पेला ठेवताना कडेने बुडबुडे निघाले. आणि ज्योत जळत असताना पाणी जेमतेम हललं. विझल्यावर मात्र भराभर वर आलं. वर्षानुवर्षं हा धडा शिकवणारे आम्ही शिक्षक एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

कारण साधं आहे. ज्योतीच्या उष्णतेने हवा प्रसरण पावते, थोडी बाहेर निसटते. तेच ते बुडबुडे. ज्योत विझली की आतली हवा थंड होऊन आकुंचन पावते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. मेणबत्त्या जास्त, तर उष्णता जास्त. ऑक्सिजन वापरला जातो, पण त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते. शिवाय सगळा ऑक्सिजन संपण्याच्या कितीतरी आधी ज्योत विझते. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो हे खरंच आहे. पण या प्रयोगाने ते सिद्ध होत नाही.

मला ती फुली आठवली. त्या वर्गात विज्ञान एकटीने केलं होतं, आणि शून्य तिलाच मिळालं होतं.

त्याच शिबिरात होशंगाबादची हकिकत कळली. मध्य प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांमध्ये प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली होती. 'बाल वैज्ञानिक' या त्यांच्या पुस्तकात तयार उत्तरं नव्हती; ती मुलांनी करून शोधायची. परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती आणि प्रयोगही करावे लागत. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबपासून भूमितीच्या आकृत्या बनवणारे अरविंद गुप्ता तिथेच या कामाकडे वळले. २००२ साली सरकारने तो उपक्रम बंद केला. पण तीस वर्षं साध्या खेड्यांतल्या शाळांनी तो चालवला होता. ते ऐकल्यावर माझी कुलपाची सबब संपली.

परतल्यावर मी वर्गात एक नियम केला. आधी अंदाज लिहायचा, मग करून पाहायचं, मग दिसलं तेच लिहायचं. अंदाज चुकला तरी गुण कापायचे नाहीत. निरीक्षण खोटं लिहिलं तर कापायचे. हे सोपं गेलं नाही. अभ्यासक्रम मागे पडे, पालक तक्रार घेऊन येत. दोन गटांची उत्तरं जुळली नाहीत की वर्गात गोंधळ होई. पण त्या गोंधळातच कोणीतरी म्हणे, "सर, पुन्हा करून बघू या?" आणि अनेकदा माझं उत्तर असे, "मलाही माहीत नाही. बघू या." हे वाक्य म्हणायला मला नोकरीची निम्मी वर्षं लागली.

पालकांना एक विनंती आहे. आज घरी मुलांबरोबर बसून हा प्रयोग करा. मेणबत्ती तुम्ही पेटवा, पण किती पाणी चढेल ते आधी सांगू नका. मूल काही वेगळंच बोललं, तर 'पुस्तकात काय आहे?' असं विचारण्याआधी 'तुला काय दिसलं?' एवढं विचारा.

मी ते त्या मुलीला विचारलं नाही. ती पुन्हा कधी भेटली नाही. भेटली तर तिचे गुण द्यायचे राहिले आहेत.