बाप्तिस्मा झाला, परवाना नाही

१४९२ मध्ये स्पेनमधलं मुसलमानांचं ग्रानाडा राज्य ख्रिस्ती राजसत्तेच्या हाती पडलं, तेव्हा मुसलमानांच्या धर्माला हात लावणार नाही, असा शब्द तहात दिला होता. दहा वर्षांत तो मोडला. १५०२ मध्ये स्पेनमधल्या कास्तील राज्यातल्या मुसलमानांपुढे दोनच वाटा ठेवल्या गेल्या, बाप्तिस्मा नाहीतर देशत्याग. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना ‘मोरिस्को’ म्हणू लागले.

खरी गंमत पुढेच आहे. ज्या राजसत्तेनं त्यांना ख्रिस्ती केलं, तिनंच त्यांना अमेरिकेतल्या वसाहतींची दारं बंद केली. बंदीचे हुकूम पुन्हापुन्हा निघत राहिले. म्हणजेच माणसं जातच होती! कुणी खोट्या कागदांवर, कुणी गुलाम म्हणून.

एस्तेवानिकोचंच घ्या. मोरोक्कोतल्या अझेमूरचा, अरबी बोलणारा काळा गुलाम. जन्मानं बहुधा मुसलमान, नावानं ख्रिस्ती. १५२८ मध्ये फ्लोरिडात उतरलेल्या स्पॅनिश मोहिमेची वाताहत झाली. आठ वर्षांची पायपीट करून चौघंच मेक्सिकोला पोचले, त्यांतला हा एक. वाटेत स्थानिकांशी बोलणं मुख्यतः तोच करी. सुटकेनंतर तिघा स्पॅनिशांनी जबानी दिली. याची कुणी घेतली नाही. उलट वाटाड्या म्हणून त्याला पुन्हा उत्तरेकडे धाडलं. १५३९ मध्ये, आजच्या न्यू मेक्सिकोत, झुनी लोकांच्या हाविकू गावी तो मारला गेला.

आणि खुद्द स्पेनमधून १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्कोंना हाकलून देण्यात आलं. कागदोपत्री ते सगळे ख्रिस्तीच होते.