घोडनदीच्या वरच्या अंगाचं गाव: माळीण

(महासंघाच्या मासिक सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या गटांना सभेला येता आलं नाही, त्यांनी आपल्या पुढच्या बैठकीत तो मोठ्याने वाचावा.)



आज विषय दिलाय ‘एका गावाची ओळख’. दर वेळी आपण आदर्श गावांची ओळख करून घेतो. हिवरे बाजार झालं, राळेगण झालं. आज मी अशा गावाबद्दल बोलणार आहे ज्याला कुठला पुरस्कार मिळाला नाही. गाव आपल्याच जिल्ह्यातलं, आंबेगाव तालुक्यातलं. नाव माळीण.

नाव ऐकल्याबरोबर काही जणींचे चेहरे बदलले, दिसलं मला. टीव्हीवर पाहिलेलं आठवतंय तुम्हाला. मी तेव्हा शाळेत होते. पण त्या एका दिवसाच्या आधीही ते गाव होतं. तिथे शेती होती, संसार होते. म्हणून आधी गाव पाहू, मग तो दिवस, आणि मग आपलं काय ते बोलू.

आपलं आणि त्यांचं पाणी एकच

शिरूरला जुनी माणसं अजून ‘घोडनदी’ म्हणतात. एसटीत बसताना आज्जी विचारते, “घोडनदीला जाती का गाडी?” गावाला जिचं नाव पडलं ती घोड नदी उगम पावते सह्याद्रीत, आहुप्याच्या डोंगरात. त्याच डोंगरातून बुब्रा नावाची लहान नदी येते, तिच्या काठाला माळीण. हे सगळं पाणी डिंभे धरणात साठतं. साधारण साडेतेरा टीएमसीचं धरण. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव दिलंय, कारण तेही आंबेगाव तालुक्यातलेच. धरणाचा उजवा कालवा आपल्या शिरूर तालुक्यात येतो. नदी खाली चिंचणीच्या घोड धरणात येते, पुढे भीमेला मिळते, आणि भीमा दौंडवरून उजनीकडे जाते.

म्हणजे बघा, शिरूरच्या बाईच्या कांद्याला आणि दौंडच्या बाईच्या उसाला जे पाणी मिळतं, त्यातलं काही आधी त्या डोंगरातल्या बाईच्या भातातून वाहून आलेलं असतं. आणि ते साठवायला कुणाची तरी गावं गेली. जुनं आंबेगाव, ज्याचं नाव तालुक्याला आहे, ते धरणाच्या पाण्याखाली गेलं. म्हणून तालुका आंबेगाव आणि कचेरी घोडेगावला.

तिथली शेती

आपल्याकडे वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस, तोही झाला तर. तिकडे त्याच्या कितीतरी पट. जून ते सप्टेंबर डोंगर ढगातच असतो. वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. गाव म्हणजे एक गावठाण आणि आजूबाजूला विखुरलेल्या वाड्या.

मुख्य पीक भात. उन्हाळ्यात राब भाजायचा, म्हणजे रोपं करायच्या जागेवर पालापाचोळा, शेण पसरून जाळायचं. पाऊस लागला की तिथे रोपं टाकायची आणि मग खाचरात लावणी. लावणी बायकांची. दिवसभर वाकून, गुडघाभर चिखलात, वरून धो धो पाऊस. आपण कांदा लागण करतो तेव्हा कंबर धरते ना? तसंच, पण पाण्यात उभं राहून. उतारावर, जिथे खाचर होत नाही तिथे, नाचणी आणि वरई.

आता खाचर कसं तयार होतं ते ऐका, कारण पुढे त्याचा संबंध आहे. डोंगराच्या उतारावर दगडांची ताल रचायची, तिच्यामागे माती अडवायची, तुकडा सपाट करायचा. एकाखाली एक, पायऱ्यांसारखी खाचरं. या कामाला तिकडे ‘पडकई’ म्हणतात. हे एका घराचं काम नाही. आपल्याकडे सावड असते तशी, आज तुझ्या शेतावर, उद्या माझ्या. अशा कामातून कुटुंबाला हक्काचं भाताचं खाचर मिळालं. ‘शाश्वत’ या संस्थेने त्या भागात पडकईच्या कामांना बळ दिलं आणि डिंभे जलाशयात आदिवासींनी मासेमारीची सहकारी संस्था उभी केली तेव्हाही साथ दिली. २०१२ साली या संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा ‘इक्वेटर’ पुरस्कार मिळाला. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली, त्यांनी त्याच पाण्यात रोजगार शोधला. गट म्हणून आपण हे लक्षात ठेवावं असं आहे.

भात वर्षभर पुरत नाही. मग उन्हाळ्यात हिरडा. झाडावरून काढायचा, वाळवायचा, विकायचा. औषधाला लागतो. घरात रोख पैसा येतो तो बराचसा हिरड्याचा. आणि भात निघाला की मजुरी. नारायणगावच्या मजूर बाजारात सकाळी डोंगराकडच्या बाया-माणसं उभी असतात. टोमॅटो, कांदा, द्राक्ष, जिथे काम मिळेल तिथे. आपल्या शिवारात कधी अशी टोळी आली तर तिच्यातली बाई नुसती ‘मजूर’ नाही. ती आपल्या पाण्याच्या उगमाकडची शेतकरीण आहे.

३० जुलै २०१४

त्या आठवड्यात पाऊस थांबतच नव्हता. ३० जुलैला, बुधवारी सकाळी, गावठाणामागचा डोंगर खाली आला. माती, दगड, झाडं, पाणी, सगळं एकदम. चाळीसच्या वर घरं गाडली गेली. सरकारी आकडा १५१ मृत्यूंचा.

बाहेरच्या जगाला कळलं ते एसटीच्या चालकामुळे. रोजची गाडी घेऊन आला, तर समोर गावच नाही. मग एनडीआरएफची पथकं आली आणि आठवडाभर पावसातच माती उपसण्याचं काम चाललं.

कोण वाचलं? जे त्या वेळी घरात नव्हते ते. कामासाठी बाहेरगावी गेलेले. आश्रमशाळेत राहणारी मुलं. पोरं शाळेत सुखरूप, आणि घरी कुणीच नाही.

कारणं काय, यावर पुष्कळ चर्चा झाली. अतोनात पाऊस हे पहिलं. उभा उतार आणि खालच्या खडकावर असलेली भुसभुशीत माती हे दुसरं. कुणी झाडतोडीकडे बोट दाखवलं. कुणी म्हणालं, हाताने होणारं सपाटीकरण यंत्राने व्हायला लागलं, डोंगराचा पाया कापला गेला, पाणी मातीत मुरत राहिलं आणि त्याला बाहेर पडायला वाट राहिली नाही. एकाच कारणावर सगळं ढकलता येत नाही. पण एक गोष्ट सगळ्या चर्चांमध्ये येते. पाणी कुठून येतं, कुठे मुरतं आणि कुठून बाहेर पडतं, हे गावाने एकत्र बसून पाहिलं पाहिजे. एकट्या घराला ते दिसत नाही.

आणि हे फक्त माळीणचं नाही. त्याच वर्षी १२ डिसेंबरला इंडोनेशियात, जावा बेटाच्या डोंगराळ भागात, बांजारनेगारा जिल्ह्यातली जेंबलुंग नावाची वाडी अशीच गाडली गेली. नव्वदहून जास्त माणसं गेली. तिथेही उतारावर पायऱ्यांची शेती, तिथेही पायथ्याला घरं, तिथेही काही दिवस सलग पाऊस. भाषा वेगळी, धर्म वेगळा, शेतकरी बाईचं दुःख तेच. आपल्या राज्यात नंतर २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. यादी वाढतेच आहे.

नवं गाव

माळीणचं पुनर्वसन जवळच आमडे इथे झालं. ६८ पक्की घरं बांधली आणि २ एप्रिल २०१७ ला ती लोकांना मिळाली. घरं चांगली होती. पण पहिल्याच पावसात नव्या गावठाणातले काही रस्ते आणि भराव खचले. लोकांच्या मनात किती भीती दाटली असेल, विचार करा. ज्यांनी एकदा डोंगर खाली येताना पाहिलाय, त्यांच्या दारापुढची माती परत सरकली. पक्कं घर बांधलं तरी पाण्याला वाट ठेवावीच लागते, हे तिथे पुन्हा कळलं.

मग आपलं काय?

कुणी म्हणेल, “ताई, आमच्याकडे कुठं डोंगर? दौंडला तर सगळं सपाट.” बरोबर आहे. आपल्याकडे डोंगर येत नाही. आपल्याकडे ओढा येतो. ऑक्टोबर २०२० मध्ये परतीच्या पावसात दौंड तालुक्यात ओढ्याच्या पुरात माणसं वाहून गेली. रोजचा रस्ता, रोजचा ओढा, वर्षातले दहा महिने कोरडा. आपल्याला वाटतं हा काय करणार? आणि कोरडा आहे म्हणूनच त्याच्यात कचरा टाकतो, बांध सरकवतो, पत्र्याचं शेड टाकतो. पाणी मात्र आपली जुनी वाट विसरत नाही.

म्हणून प्रत्येक गटाने तीन कामं करायची आहेत. पैसे लागत नाहीत, वेळ लागतो.

पहिलं काम, शिवारफेरी. मे महिन्यात एका सकाळी गटातल्या सगळ्या जणींनी मिळून ओढा चालत जायचा. कुठे अरुंद झालाय, कुठली मोरी तुंबलीय, कुठे घर किंवा गोठा अगदी कडेला आहे, ते वहीत लिहायचं. सोबत एखादी आज्जी हवीच. पूर्वी पाणी कुठपर्यंत चढलं होतं, ते आज्जीच दाखवते. ही यादी घेऊन महिला सभेला जायचं. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, कायद्यात आहे ते. तिथला ठराव ग्रामसभेपुढे मांडायचा. “मोऱ्या पावसाआधी साफ करा” एवढा साधा ठराव असला तरी चालेल, पण लेखी पाहिजे आणि त्याची प्रत आपल्याकडे पाहिजे. ज्यांचं माहेर डोंगराकडे आहे त्यांनी तिकडे सांगून ठेवा: जमिनीला नव्या भेगा, झाडं किंवा खांब कलणं, दारं अचानक अडकायला लागणं, झऱ्याला एकदम गढूळ पाणी येणं. यातलं काही दिसलं तर घर सोडायचं. सामान नंतर.

दुसरं काम, माणसांची वही. वस्तीत कुठल्या घरात कोण म्हातारं आहे, कोण अंथरुणावर आहे, कोण गरोदर आहे, रात्री कुणाला उचलून न्यावं लागेल. आणि या वहीत ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या विसरायच्या नाहीत. त्या बऱ्याचदा ओढ्याकाठी, नदीकाठी मोकळ्या जागेत पडतात, आणि त्या माणसांना इथला ओढा माहीत नसतो. त्यांना कुणी सांगायचं? आपणच. वहीच्या पहिल्या पानावर दोन नंबर मोठ्या अक्षरात: ११२, आणि जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७.

तिसरं काम, कागद. घर गेलं की घराचा पुरावाही जातो. आधार, पासबुक, रेशनकार्ड, सातबारा, घराचा आठचा उतारा, यांच्या प्रती एका प्लास्टिकच्या पिशवीत, आणि फोटो दोन फोनमध्ये. त्या उताऱ्यावर तुमचं नाव आहे का, ते या आठवड्यात बघा. ‘घर दोघांचे’ आणि सातबाऱ्यासाठी ‘लक्ष्मी मुक्ती’ हे शासनाचे निर्णय याचसाठी आहेत. नवऱ्याच्या माघारी, सगळ्या गोंधळात, कचेरीच्या दारात “मी कोण” हे बाईला सिद्ध करावं लागू नये. बँक खात्याला वारस लावलाय का तेही बघा. आणि विमा: वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळतो, वय १८ ते ७०. ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवन विमा, त्यात शिरायला वय १८ ते ५०. दोन्हींचे हप्ते मे अखेरीस खात्यातून कापले जातात, तेव्हा खात्यात तेवढे पैसे ठेवा. महिन्याला बचत गोळा करणाऱ्या आपल्यासारख्या बायकांना २० रुपये जड नाहीत, आठवण राहत नाही एवढंच. म्हणून मे महिन्याच्या बैठकीत प्रत्येक गटाच्या सचिवाने पासबुकं मागवून बघावीत.

माळीणच्या बायका आपल्यापेक्षा कमी कष्टाळू नव्हत्या. त्यांनी डोंगर फोडून भात पिकवला. त्यांच्यावर जे आलं ते त्यांच्या चुकीने आलं नाही. पण त्यांच्यामुळे आपल्याला जे कळलं, ते वाया घालवायचं नाही.

पुढच्या सभेला प्रत्येक गटाने ओढ्याची यादी आणि माणसांची वही घेऊन यायचं. मी एकेक बघणार आहे. ज्या गटाला शिवारफेरीला सोबत हवी असेल त्यांनी आज जाताना माझ्याकडे तारीख सांगून जा.