गव्हाणीची चेन आणि ऑइलमनची वही



महागावात भरलेल्या या तांत्रिक परिषदेला साखर कारखाने, जिनिंग व दालमिलमधून फिटर, ऑइलमन, फोरमन आले आहेत आणि तिचे अध्यक्षपद आपण मला दिले आहे. बोलायला विषय मात्र साधाच घेतला आहे: चेन आणि स्प्रॉकेट.

आपला तालुका कापसाचा आणि उसाचा. गुंजचा साखर कारखाना इथलाच, पोफाळीचा शेजारच्या उमरखेडातला. हंगामाच्या तोंडावर बॉयलर पेटतो, गव्हाणीत मोळी पडते, फोटो निघतात. ती मोळी पुढे ओढणाऱ्या चेनकडे कोणाचे लक्ष नसते. भर हंगामात ती तुटली की मग सगळ्यांची पळापळ! गव्हाण थांबली की मिल थांबते आणि यार्डात ट्रॅक्टरांची रांग लागते. तोडलेला ऊस उन्हात वाळतो. वजन घटते ते शेतकऱ्याचे आणि उतारा घटतो तो कारखान्याचा.

चेन अचानक तुटली, असे आपण रिपोर्टात लिहितो. मला ते मान्य नाही. हान्स रेनॉल्डने मँचेस्टरमध्ये १८८० साली बुश-रोलर चेनचे पेटंट घेतले, तेव्हापासून तिची मूळ रचना तीच आहे. ती कशी झिजते हेही आपल्याला पाठ आहे. चेनच्या पट्ट्या सहसा ताणल्या जात नाहीत. पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजतात. प्रत्येक सांध्यात केसाएवढी जागा पडते आणि सगळ्या सांध्यांची बेरीज होऊन चेन लांबते. मग रोलर दाताच्या बुडाशी न बसता वर चढतो, दात हुकासारखे होतात आणि एक दिवस चेन उडी मारते.

हे मोजता येते. पिच म्हणजे एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचे अंतर; एक इंची चेनचे दहा पिच म्हणजे २५४ मिलिमीटर. चेन ताणात धरून तेवढेच दहा पिच मोजा. माप २५९ वर गेले, म्हणजे लांबी दोन टक्के वाढली. बहुतेक ड्राइव्हवर ती बदलण्याची वेळ झाली. दातांना हूक आलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवू नका. ते जुने दात नवी चेन काही दिवसांत खातात. गव्हाणीत तर चेनच्या दोन-तीन ओळी समांतर चालतात. त्यातली एकच बदलली की फळ्या तिरक्या होतात आणि सगळा भार एका बाजूला येतो.

आता तेलाचे. बाहेरून ग्रीसचा जाड थर थापला की चेन चकाकते, पण पिनपर्यंत काही पोचत नाही. उलट त्या थरावर चिपाडाचा भुसा बसून तो कानशीसारखा घासतो. तेल पातळ हवे आणि खालच्या, ढिल्या ओळीच्या आतल्या अंगाला, पट्ट्यांच्या सांध्यांवर पडायला हवे. पिन-बुशच्या फटीतून लालसर पावडर दिसली तर समजा, आत कोरडे आहे.

आणि हे सारे मशीन बंद करून, फ्यूज काढून, स्विचवर पाटी लावूनच. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम २१ गार्डविषयी होते आणि कलम २२ चालत्या यंत्राजवळच्या कामाविषयी. ‘दोन मिनिटांचे तर काम आहे’ म्हणून काढलेला गार्ड पुढच्या पाळीतही भिंतीला टेकलेलाच असतो. बोटे गेल्यावर कलम आठवून उपयोग नाही.

ज्ञानाची कमतरता नाही, कमतरता आहे नोंदीची. चेन कधी बसवली, ऑफ-सीझनमध्ये किती भरली, ताण देणारा टेक-अप कितीदा ओढला, याचा हिशेब बहुतेक ठिकाणी एखाद्या जुन्या फिटरच्या डोक्यात असतो. तो निवृत्त झाला की हिशेबही जातो. म्हणून या परिषदेपुढे तीन सूचना ठेवतो. प्रत्येक ड्राइव्हची मराठीत वही असावी आणि तेल देणाऱ्यानेच ती लिहावी. महिन्यातून एकदा दहा पिचचे माप त्यात चढावे. आणि चेन बदलण्याची मागणी त्या मापावरून खरेदी विभागाकडे जावी, ओरड झाल्यावर नव्हे. ऑइलमनच्या सहीला तेवढी किंमत आली, तर हंगामातल्या निम्म्या रात्री आपण सगळे घरी झोपू.