बेळगाव : एका नावाचा अर्थ आणि वापर



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते शब्दाची व्युत्पत्ती सांगितल्यावाचून धडा पुढे नेत नसत. म्हणून आज आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणाचे नावच विषय म्हणून घेतो. कोगनोळीच्या महामार्गावरून महाराष्ट्राची एस. टी. जाते, तिच्या पाटीवर 'बेळगाव' असते. कर्नाटकाच्या गाडीवर कन्नडात 'बेळगावी'. यांतले खरे कोणते?

रट्ट राजांच्या शिलालेखांत या नगराला वेणुग्राम म्हटले आहे. वेणू म्हणजे बांबू. आपला मराठी वेळू तोच. रट्टांनी सुमारे १२१० साली सौंदत्तीहून राजधानी येथे आणली. त्यांचे लेख कन्नडात आहेत, हेही मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे. वेळूच्या एकाच बेटाला फुटलेले हे दोन कोंब आहेत.

इंग्रजांनी या नावाच्या शेवटी 'एम' हे अक्षर लिहिले. पुष्कळांना ती साहेबाची चूक वाटते. परंतु 'गांव' हा शब्द मुळात सानुनासिक. गिरगांवच्या जुन्या इंग्रजी स्पेलिंगातही हेच अक्षर आहे. १९६२ च्या लेखननियमांनी आपण तो अनुस्वार सोडला. साहेबाच्या स्पेलिंगात मात्र तो अर्धशतक अधिक टिकला!

१ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातील बारा शहरांची इंग्रजी नावे बदलली, त्यांत 'बेळगावी' आले. १९५६ साली याच तारखेला हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला होता. साहजिकच सीमाभागातील मराठी मनाला ही नुसती स्पेलिंगची दुरुस्ती वाटली नाही. तथापि १९९५ साली 'बॉम्बे' जाऊन इंग्रजीतही 'मुंबई' आले, तेव्हा आपण आनंदलो होतो. तोच आनंद कन्नड बांधवांनी मानला, तर त्याला मी अन्याय म्हणणार नाही. मराठी वाक्यातही 'बेळगावी'च लिहा असा हट्ट धरणे, हा मात्र अन्याय होय. लंडनला फ्रेंच लोक आपल्या भाषेत 'लाँद्र' म्हणतात. इंग्रजांनी त्याबद्दल कधी तक्रार केलेली नाही.

विद्यार्थ्यांनो, इंग्रजी अर्जात आता 'बेळगावी' लिहावे लागेल. मराठी निबंधात बेळगावच लिहा. वडिलांच्या जुन्या दाखल्यावरचे स्पेलिंग मात्र खोडू नका. कचेरीत कोणी हरकत घेतलीच, तर दोन्ही दाखले एकाच गावाचे आहेत एवढे शांतपणे सांगा.